सुसान्ना वेस्ली : एकेका लेंकराची माता

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांच्या पराक्रमाकडे पाहतों. तो पराक्रम ज्या घरांत व ज्या मातेच्या नजरेखालीं अंकुरला त्या घराकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. शिवछत्रपतींचें नांव घेतांना जिजामातेचें स्मरण करण्याची आपल्या महाराष्ट्राची जी रीत आहे, ती म्हणूनच आम्हांस फार योग्य वाटते. इंग्लंडांत अठराव्या शतकांत धर्मजागृतीची जी मोठी लाट उसळली, तिचे अग्रणी जॉन वेस्ली व त्यांचे बंधु चार्लस वेस्ली यांचीं नांवें आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकिलीं असतील. जॉन यांच्यापासून निघालेल्या मेथॉडिस्ट पंथाचे विल्यम टेलर हे १८७१ सालीं मुंबईस आले, आणि त्या पंथाचें कार्य आपल्या प्रांतांतही सुरू झालें. या दोघां बंधूंच्या मातोश्री सुसान्नाबाई यांचें चरित्र आम्ही येथें सादर करीत आहों. त्यांनीं कोणतीही संस्था स्थापिली नाहीं, कीं आपल्या नांवाचा गाजावाजा केला नाहीं. त्यांनीं मुलें वाढविलीं. परंतु तें नित्याचें काम त्यांनीं ज्या रीतीनें केलें ती रीत अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी विसरली गेलेली नाहीं.

इ. स. १६६९ च्या जानेवारी महिन्यांत, २० व्या तारखेस, लंडन शहरीं सुसान्नाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील डॉक्टर सॅम्युएल ॲन्स्ली हे विद्वान् व वजनदार धर्मोपदेशक होते. १६६२ सालीं कायद्यानें ठरविलेली उपासनापद्धति मान्य करण्यास ज्या पाळकांची सदसद्विवेकबुद्धि तयार होईना, त्यांस आपल्या जागा सोडाव्या लागल्या. डॉक्टर ॲन्स्ली हे त्यांपैकींच एक. सुसान्ना हें त्यांचें पंचविसावें अपत्य. त्या काळीं मुलींकरितां विद्यापीठांचीं दारें बंद होतीं. तथापि घरांत ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती आणि वाद चालत. मुलगी ऐके, वाची आणि विचार करी. सुमारें तेरा वर्षांची असतांना दोन्हीं बाजूंचे मुद्दे आपल्यापुरते तोलून तिनें वडिलांचा पक्ष सोडला व राजमान्य चर्चमध्यें जाण्याचें ठरविलें. ज्या मताकरितां वडिलांनीं आपली जागा गमावली तेंच मत लाडक्या लेकीनें टाकलें! तरीही पित्याची माया आटली नाहीं. पुढें मृत्युसमयीं त्यांनीं आपले हस्तलिखित कागदपत्र ठेविले ते याच मुलीच्या हवालीं. मतभेद होऊनही प्रेम टिकतें, हा धडा सुसान्नाबाई माहेरींच शिकल्या, आणि सासरीं त्यांस त्याची गरज वारंवार पडली.

१६८८ सालीं त्यांचा विवाह सॅम्युएल वेस्ली यांच्याशीं झाला. सॅम्युएल हे पाळक, कवि व पंडित होते. मनानें प्रामाणिक, परंतु स्वभावानें हट्टी आणि पैशाच्या व्यवहारांत अगदीं कच्चे. लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ या दलदलीच्या मुलुखांतील गांवीं त्यांस पाळकाची जागा मिळाली, आणि तेथेंच या कुटुंबाचा बहुतेक संसार झाला. सुसान्नाबाईंस एकोणीस मुलें झालीं. त्यांतील नऊ तान्हेपणींच दगावलीं. दहा वांचलीं, तीन मुलगे व सात मुली. हे आंकडे वाचण्यास क्षणभर पुरतो. परंतु नऊ वेळां रिकाम्या झालेल्या पाळण्याकडे पाहून पुन्हां उरलेल्या लेंकरांच्या न्याहारीची तयारी करणें यास किती बळ लागत असेल, तें ज्या माता हें वाचीत असतील त्यांसच कळेल.

घरांत शांतताही नेहमीं नसे. एकदां सायंप्रार्थनेंत पतीनें विल्यम राजाकरितां प्रार्थना केली, तेव्हां सुसान्नाबाईंनीं आमेन म्हटलें नाहीं. कारण तो खरा राजा आहे असें त्यांस वाटत नव्हतें. पति संतापले आणि घर सोडून निघून गेले. कांहीं महिने हा दुरावा राहिला. पुढें घराच्या कांहीं भागास आग लागली, त्या संकटांत दोघांचें मनोमीलन झालें, आणि त्यानंतर १७०३ सालीं जॉन यांचा जन्म झाला.

कर्ज तर पांचवीला पुजलेलें होतें. १७०५ सालच्या निवडणुकींत सॅम्युएल यांनीं जो पक्ष धरिला तो गांवकऱ्यांस रुचला नाहीं. रात्रभर घराभोंवतीं आरडाओरड व बंदुकांचे बार चालले. त्या वेळीं सुसान्नाबाई नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. गोंगाटानें जागरण झालेली दाई पहांटे गाढ झोंपली, आणि तिच्या अंगाखालीं सांपडून तें तान्हें मूल मरण पावलें. थोड्याच दिवसांत विरुद्ध पक्षाच्या एका गृहस्थानें तीस पौंडांहूनही कमी अशा देण्याकरितां पाळकसाहेबांस पकडविलें व लिंकन येथील किल्ल्याच्या तुरुंगांत टाकविलें. तिकडे घरच्या गाईंना कोणीं रात्रीं जखमा केल्या. सुसान्नाबाईंनीं हातांतील अंगठ्या काढून तुरुंगांत पतीकडे पाठविल्या; त्यांनीं त्या परत केल्या. पुढें यॉर्कच्या आर्चबिशपांनीं त्यांस विचारिलें कीं, घरांत कधीं भाकरीची वाण पडली काय? त्यांनीं सांगितलें कीं, भाकर कधीं अगदींच नव्हती असें झालें नाहीं. पण ती मिळविण्यास व तिचे पैसे चुकते करण्यास इतके कष्ट पडत कीं, खातांना ती गोड लागत नसे. ज्या घरांत महिनाअखेरीस वाण्याचा हिशेब बोलतो त्या घरांस हें उत्तर समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अशा घरांत सुसान्नाबाईंनीं शाळा चालविली. सकाळीं ९ ते १२ व दुपारीं २ ते ५ अशी तिची वेळ ठरलेली असे, आणि सुमारें वीस वर्षें हा क्रम त्यांनीं चालविला. पांच वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणत्याही मुलास अक्षर शिकवावयाचें नाहीं असा नियम होता. तो दिवस उजाडला म्हणजे आदल्या रात्रींच घर आवरून ठेवावयाचें, सर्वांस आपापलें काम नेमून द्यावयाचें, आणि त्या दिवशीं शाळेच्या वेळांत आई व तें एक लेंकरूं यांच्यामध्यें कोणीही यावयाचें नाहीं. एका दिवसांत मुळाक्षरें येत. दोघी मुलींस मात्र दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवसापासून पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचें वाचन सुरू होई. एकदां पतीनें विचारिलें कीं, एकच गोष्ट या मुलास वीस वेळां कां सांगतां? त्या म्हणाल्या कीं, एकोणीस वेळां सांगून थांबलें असतें तर एकोणीसही वेळांचा श्रम फुकट गेला असता. ही आख्यायिका शिक्षकवर्गानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्यांच्या घरचे नियम त्यांनीं पुढें स्वहस्तानें लिहून ठेविले. जो आपला अपराध कबूल करील व सुधारण्याचें वचन देईल त्यास मार नाहीं. एका अपराधाबद्दल दोनदां शिक्षा नाहीं, व एकदां क्षमा झाल्यावर तो पुन्हां उकरून काढावयाचा नाहीं. मुलानें संतोष देण्याच्या हेतूनें कांहीं केलें व तें नीट साधलें नाहीं, तरी हेतूचें कौतुक करावयाचें. दिलेलें वचन पाळावयाचें. मुलगी चांगली वाचूं लागल्यावांचून तिला शिवणकामास बसवावयाचें नाहीं. हा शेवटला नियम सतराव्या शतकाच्या अखेरीस एका खेड्यांतील स्त्रीनें केला, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिच्या दूरदृष्टीचें नवल वाटतें.

१७०९ सालच्या फेब्रुवारीच्या ९ तारखेस रात्रीं एपवर्थच्या त्या लांकूड, माती व गवताच्या घरास आग लागली. सर्वजण झोंपेंत होते. सुसान्नाबाईंचे दिवस भरत आले होते व प्रकृति क्षीण होती. दाराबाहेर पडण्याचा त्यांनीं तीनदां प्रयत्न केला, तिन्हीं वेळां ज्वाळांनीं त्यांस मागें लोटलें. शेवटीं देवाचें नांव घेऊन त्या ज्वाळांतूनच चालत बाहेर आल्या. हात व तोंड होरपळलें. बाहेर मुलें मोजलीं, तों पांच वर्षांचा जॉन नाहीं! बाप जिन्याकडे धांवले. जिना पेटला होता. त्यांनीं गुडघे टेकले व मुलाचा आत्मा देवाच्या हातीं सोंपविला. इतक्यांत लहानगा जॉन एका पेटीवर चढून खिडकीशीं उभा असलेला दिसला. शिडी आणण्यास वेळ नव्हता. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला, त्यानें मुलास ओढून घेतलें, आणि त्याच क्षणीं छप्पर आंत कोसळलें. सर्व जीव वांचले. बाकी सारें गेलें. डॉक्टर ॲन्स्ली यांनीं लेकीस दिलेले ते कागदही त्यांतच जळाले.

पुढें सुमारें वर्षभरांत विटांचें नवें घर उभें राहिलें. तें आजही एपवर्थला आहे. परंतु मध्यंतरीं मुलें निरनिराळ्या घरीं विखुरलीं होतीं. तीं परत आलीं तेव्हां बोलणें, वागणें, प्रार्थना, सारेंच सैल झालेलें होतें. जळालेलें घर गवंड्यांनीं बांधिलें. हें दुसरें मोडलेलें घर सुसान्नाबाईंनीं पुन्हां बांधावयास घेतलें. दिवसाचा आरंभ व शेवट स्तोत्रें गाऊन करावयाचा, आणि सायंकाळीं मोठ्या भावंडानें धाकट्यास जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचावयाचें, असा नवा परिपाठ त्यांनीं घातला.

आतां आम्ही त्या गोष्टीकडे येतों जिच्याकरितां आम्हांस हें चरित्र सांगावेंसें वाटलें, आणि तिचा धागा आपल्याच देशाशीं जुळलेला आहे. १७०६ सालीं त्सीगनबाल्ग व प्लुत्शाउ हे दोन तरुण जर्मन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्यानें हिंदुस्थानच्या पूर्वकिनाऱ्यावर, तामीळ मुलुखांतील तरंगंबाडी येथें उतरले. त्यांच्या कार्याचा वृत्तांत इंग्रजींत छापला गेला. तें पुस्तक एपवर्थच्या पाळकांच्या अभ्यासिकेंत होतें; थोरली मुलगी एमिलिया हिला तें सांपडलें व तिनें तें आईस वाचून दाखविलें. सुसान्नाबाईंच्या मनावर त्याचा इतका परिणाम झाला कीं, कित्येक दिवस त्यांस दुसरें कांहीं सुचेना. तीं माणसें परक्या लोकांच्या आत्म्यांकरितां सात समुद्र ओलांडून गेलीं. मग देवानें माझ्याच घरांत जे आत्मे माझ्या स्वाधीन केले आहेत त्यांच्याकरितां मीं आणखी काय करावें, असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. त्या समुद्र ओलांडूं शकत नव्हत्या; आपलें माजघर ओलांडून एकेका लेंकरापाशीं जाऊन बसणें त्यांच्या हातीं होतें.

त्यांनीं आठवड्याचे वार वांटून दिले. सोमवारीं मॉली, मंगळवारीं हेटी, बुधवारीं नॅन्सी, गुरुवारीं जॉन, शुक्रवारीं पॅटी, शनिवारीं चार्लस, आणि रविवारीं एमिलिया व सूकी. त्या त्या संध्याकाळीं आई त्या एकाच मुलाची. त्या वेळांत धडा घ्यावयाचा नाहीं. त्याचें मन काय म्हणतें तें ऐकावयाचें, त्यास कशाचें भय वाटतें, कोणती शंका येते, तें विचारावयाचें. घरांत माणसें पुष्कळ, पैसा थोडा, कामास अंत नाहीं. तरी ही वेळ मोडावयाची नाहीं. आम्हांस वाटतें कीं, सुसान्नाबाईंचें सारें मोठेपण या वांटणींत आहे. मुलें पुष्कळ असलीं म्हणजे आई त्यांच्याकडे घोळका म्हणून पाहूं लागते, आणि वर्ग मोठा असला म्हणजे शिक्षकही तसेंच करितो. सुसान्नाबाईंनीं आपल्या लेंकरांचा घोळका होऊं दिला नाहीं.

त्याच सुमारास, म्हणजे १७११ व १७१२ च्या दरम्यान, पति कामानिमित्त लंडनास गेले असतां त्या रविवारीं संध्याकाळीं स्वयंपाकघरांत मुलें व नोकर यांस जमवून एखादें प्रवचन वाचून दाखवीत. एका नोकर मुलानें तें आपल्या आईबापांस सांगितलें. तीं येऊं लागलीं. मग शेजारी आले. होतां होतां दोनशेंहून अधिक लोक जमूं लागले व जागेअभावीं कित्येक परत जाऊं लागले. मदतनीस पाळकास हें खपलें नाहीं; त्यानें सॅम्युएल यांस तक्रार लिहिली. स्त्रीनें असें करणें शोभत नाहीं, एखाद्या पुरुषाकडून तरी वाचून घ्यावें, असें पतीचें पत्र आलें. सुसान्नाबाईंनीं कळविलें कीं, जमणाऱ्यांपैकीं बहुतेकांस अक्षरें जुळविल्यावांचून धड वाचतां येत नाहीं; आणि ही सभा बंद करावयाची असेल तर नुसती इच्छा कळवूं नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे न्यायाच्या दिवशीं या लोकांबद्दल देवापुढें जाब देण्याचा भार माझ्यावर राहणार नाहीं. तशी आज्ञा आली नाहीं. त्या दिवसांतच घरांत देवीची सांथ शिरली व पांच मुलें आजारी पडलीं. आठ वर्षांच्या जॉननें तें दुखणें कुरकुर न करितां सोसलें, असें त्यांनीं पतीस कळविलें आहे. दिवसा आजाऱ्यांची शुश्रूषा आणि रविवारीं शेजाऱ्यांकरितां वाचन, अशी त्यांची दुहेरी सेवा चालली होती.

परंतु चरित्र सांगणाराानें उजेडाचीच बाजू दाखवावी हें आम्हांस मान्य नाहीं. सुसान्नाबाईंची शिस्त कडक होती. मूल वर्षाचें झालें कीं त्यास छडीचें भय दाखवून हळू रडावयास शिकवीत, आणि मुलाची हट्टी इच्छा आधीं मोडली पाहिजे असें त्यांचें मत होतें. आजचे शिक्षणवेत्ते तें मान्य करणार नाहींत, व आम्हीही त्याचें अनुकरण सुचवीत नाहीं. शिवाय सातही मुलींस आईनें विद्येची गोडी लाविली. परंतु जगानें त्यांस त्या विद्येचा उपयोग करूं दिला नाहीं. मुलगे ऑक्सफर्डला गेले. ऑक्सफर्डनें स्त्रियांस पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० सालीं. हेटी आठव्या वर्षीं ग्रीक वाचूं लागली होती व पुढें उत्तम कविता करी. तिचा विवाह विजोड झाला, वडिलांनीं तिला मनापासून क्षमा केली नाहीं, आणि तिचीं मुलें तान्हेपणींच गेलीं. आणखीही एकदोघींचे संसार दुःखाचे झाले. आईनें सर्व दिलें तरी लेंकरांचें नशीब तिच्या हातीं नसतें. असें असूनही दिलेलें व्यर्थ जात नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

१७३२ सालीं जॉन वेस्ली हे ऑक्सफर्ड येथें अध्यापक होते. वय एकूणतीसच्या आंतबाहेर, विद्वत्तेची कीर्ति झालेली. त्यांनीं आईस पत्र लिहून विनविलें कीं, लहानपणीं दर गुरुवारीं संध्याकाळीं मला जो वेळ देत होतां त्यांतील थोडा अजूनही मला द्यावा. त्या वेळीं माझें मन घडविण्यास तो जसा उपयोगी पडला तसाच आतांही पडेल. त्याच वर्षीं त्यांच्या आग्रहावरून सुसान्नाबाईंनीं आपली शिक्षणपद्धति पत्ररूपानें लिहून पाठविली. मुलाच्या जिवाला कोणती शिदोरी पुरली, हें ओळखण्यास याहून निराळी साक्ष नको.

१७३५ सालीं सॅम्युएल वारले. मागें कर्ज होतें, घर पाळकाच्या जागेबरोबर सोडावें लागलें. त्याच वर्षीं जॉन व चार्लस यांस अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत मिशनरी म्हणून बोलावणें आलें. विधवा आईस टाकून कसें जावें, असें जॉन यांस वाटलें. आईनें सांगितलें कीं, मला वीस मुलगे असते व ते सारे अशा कामास जाते, आणि पुन्हां दृष्टीस न पडते, तरी मला आनंदच झाला असता. तरंगंबाडीचा वृत्तांत ऐकून जी ज्योत पेटली होती ती अद्याप विझली नव्हती.

यापुढें त्यांचें स्वतःचें असें घर राहिलें नाहीं. कधीं एमिलियाकडे, कधीं थोरला मुलगा सॅम्युएल याजकडे, कधीं दुसऱ्या मुलीकडे अशी वर्षें गेलीं. शेवटीं जॉन यांनीं लंडनांत तोफा ओतण्याचा एक जुना कारखाना घेऊन त्याचें उपासनामंदिर केलें, त्याच्या आवारांतील खोल्यांत त्या राहावयास आल्या. तेथें थॉमस मॅक्सफील्ड नांवाचा एक तरुण, दीक्षा झालेली नसतां, उपदेश करूं लागला. जॉन रागावून त्यास थांबवावयास धांवत आले. आईनें सल्ला दिला कीं, आधीं त्याचें भाषण स्वतः ऐक व त्याच्या कामाचें फळ पाहा. देवानें जसें तुला बोलाविलें तसेंच त्यालाही बोलाविलें आहे. जॉन यांनीं ऐकिलें व ते शांत झाले. सामान्य माणसांतून उपदेशक घेण्याची जी प्रथा मेथॉडिस्ट पंथाचा कणा ठरली तिला अशा रीतीनें एका वृद्ध मातेच्या शब्दाचा आधार मिळाला.

१७४२ सालच्या जुलै महिन्यांत, २३ व्या तारखेस, त्यांचा अंतकाळ आला. जॉन व पांच मुली जवळ होत्या. मी सुटलें म्हणजे देवाच्या स्तुतीचें स्तोत्र गा, असें त्यांनीं सांगून ठेविलें होतें; लेंकरांनीं डोळे पुसून तें गाइलें. लंडनांतील बनहिल फील्ड्स येथें त्यांचा देह ठेविला आहे. त्यानंतर जॉन यांनीं जवळजवळ पन्नास वर्षें गांवोगांव हिंडून उपदेश केला, आणि चार्लस यांनीं सहा हजारांहून अधिक गीतें रचिलीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींही अशी कोणी आई, आजी किंवा आत्या असेल, जिचें नांव वर्तमानपत्रांत कधीं येणार नाहीं. ती जवळ बोलावून विचारपूस करूं लागली म्हणजे कंटाळून उठूं नका, तिच्यापाशीं बसा. आणि पालकहो, आमची आपणांस एकच विनंति आहे. आपणांपाशीं द्रव्य असो वा नसो, आठवड्यांतील एक संध्याकाळ एकेका लेंकराच्या नांवानें राखून ठेवा. हात कामांत गुंतलेले असले तरी चालतील. कान मात्र त्याच्याकडे असावे.